शंखांच्या सिंहासनावरचा म्हातारा

कामाहुआनी, ९ फेब्रुवारी

प्रिय बेल्किस,

तुझी मांजर मजेत आहे. सध्या या गावात मजेत असलेली ती एकटीच.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनला वीज लागते, आणि आमच्याकडे वीज हल्ली रुसलेल्या जावयासारखी येते. कॉफी उकळायच्या आत उठून चालू लागते. शिवाय काम असं आहे की ते कागदावरच व्हायला हवं.

बावीस वर्षं मी कारखान्यात त्या उंच खुर्चीवर बसून वाचतेय. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. खाली दोनशे माणसं मान खाली घालून सिगार वळतात आणि ऐकतात. आवडलं तर पान कापायची पाती पाटावर आपटतात, नाही आवडलं तर पाती जमिनीवर टाकतात. तुला हे सगळं ठाऊक आहे, तू पलीकडच्या टेबलावर चार वर्षं पानांच्या शिरा काढल्यास. तरी सांगतेय, कारण बाहेरदेशी गेलेली माणसं आधी हेच विसरतात.

तर गेल्या शुक्रवारी प्रकरण संपलं. नायिका विहिरीत पडली, मी आवाज अगदी कापरा केला. पाती वाजल्या तीन. त्यातली एक कुणाच्या तरी हातून निसटली होती.

अर्ध्या पोरांच्या कानात इयरफोन. नवा प्रशासक परवा म्हणाला, ''कॉम्रेड झेनाइदा, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण रेडिओला खोकला होत नाही.'' वीस मेला मतदान आहे. वाचिका ठेवायची की रेडिओ लावायचा, एवढाच प्रश्न. मला ती खुर्ची हवी आहे, बेल्किस. यात तत्त्वबित्त्व काही नाही. चोपन्नाव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही.

गंमत अशी की हीच बहिरी पोरं जेवणाच्या सुट्टीत घसा फोडून भांडत असतात. विषय एकच, टीव्हीवरचं ते 'शंखांचं सिंहासन'. शनिवारी डिस्क भरून जे पार्सल गावात येतं, त्यातून सगळ्यांनी सात पर्वं पाहिलीत. आता आठवं आणि शेवटचं यायचंय. म्हातारा राजा ऑर्व्हान चौथ्या पर्वापासून पलंगावर पडून आहे, मरत नाही आणि उठतही नाही. त्याच्यामागून गादीवर कोण, मुलगी इस्मेरा की दासीपुत्र तोर्वेक, यावरून काल दोघांनी एकमेकांच्या अंगावर काळा घेवडा आणि भात फेकला. भात! आजच्या दिवसांत!

तेव्हा तिकडे इंटरनेटवर लोक शेवटाबद्दल काय काय तर्क लढवतात, ते मला लिहून पाठव. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती, कागदावर. वाचणाऱ्यानं पदरचं काही घालू नये म्हणून कागदाशिवाय तोंड उघडायचं नाही, हा आमचा नियम आजही तसाच आहे. कारखान्यात तेवढाच एक नियम पाळला जातो.

तुझी,
झेनाइदा


मोंतेविदेओ, २० फेब्रुवारी

अगं झेनाइदा,

चार वर्षांत पहिल्यांदा तू आपल्या बहिणीकडे काही मागितलंस, आणि तेही काय, तर्क! मी आपली गुडघ्याचं मलम घेऊन बसले होते. तेही पाठवतेय. हे घेऊन येणारी नर्स विश्वासातली आहे, पण मलम आधी मोजून घे.

तू योग्य बाईला विचारलंस. मी जिला सांभाळते त्या एलिदाबाईंच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आहे. त्यांना भरवलं, कूस बदलून दिली, की दुपारभर मी पाय वर करून मालिकाच बघते. आणि इंटरनेटवर तर नुसता धुमाकूळ चाललाय गं! कुठून सुरुवात करू असं झालंय. सध्या सगळ्यांत गाजतोय तो तर्क वेगळ्या कागदावर लिहिते. तेवढाच वाच, माझी बडबड वाचू नकोस.

(वाचायचा कागद)

चाहते म्हणतात, राजा ऑर्व्हान केव्हाच मेलाय. त्याच्या पलंगाभोवती पडदा आहे ना? त्या पडद्यामागून बोलतो तो मंत्री. लोक पडद्यासमोर गुडघे टेकतात, ''महाराज, कसं वाटतंय?'' विचारतात, आणि मंत्री घसा खरवडून म्हणतो, ''आज जरा बरं आहे.'' राजवाड्यात हे सगळ्यांना माहीत आहे. स्वयंपाक्याला, पहारेकऱ्याला, कुत्र्याला. पण आधी बोलायचं कुणी? म्हणून रोज राजासाठी सूप शिजतं, पडद्याआड जातं, आणि रिकामा वाडगा बाहेर येतो. मंत्र्याचं वजन वाढत चाललंय.

कसं वाटलं? आणखी हवेत तर निरोप धाड.

तुझीच,
बेल्किस


कामाहुआनी, ९ मार्च

प्रिय बेल्किस,

मलम पोचलं. मोजलं. विश्वास ठेवायला हरकत नाही.

तर्क पोचला आणि दालनात भूकंप झाला. पहिल्या दोन वाक्यांत इयरफोन बाहेर आले. आणि तुला आपलं गाव माहीत आहे. इथं दोन माणसांत मतभेद झाला की तिसरा विचारतो, ''तू बोकड की बेडूक?'' मिरवणुकीत ज्या दोन आळ्या एकमेकींच्या रथांवर फटाके सोडतात त्याच आता दालनात समोरासमोर बसल्यात. बोकडआळी सगळी तोर्वेकच्या बाजूनं, बेडूकआळी इस्मेराच्या. मालिकेत काय आहे याला आता महत्त्व नाही. बेडकांच्या एका सुनेनं माहेरचा मान राखून तोर्वेकची बाजू घेतली, तर सासूनं तिची कॉफी बंद केली.

एक गोष्ट मात्र घडली ती सांगते. ''आधी बोलायचं कुणी?'' हे मी वाचलं आणि वळणारी बोटं थांबली. पानांचा आवाजसुद्धा थांबला. मग एउस्ताकिओनं, एकाहत्तर वर्षांचा आहे तो, कधी मान वर करत नाही, त्यानं मान वर न करताच पाती आपटली. एकदाच. आणि मग सगळ्यांनी. पाच मिनिटं. मी खुर्चीवर बसून हसत होते, वाकून दाद घेत होते. घरी आल्यावर मांजरीला दूध देताना माझ्या डोक्यात उजेड पडला की ते कशाला दाद देत होते. राजधानीतल्या आपल्या म्हाताऱ्याला कितीतरी दिवसांत कुणी पाहिलेलं नाही, आणि 'प्रकृती बरी आहे' ही वर्तमानपत्रातली ओळ रोज सकाळी मीच वाचते.

तेव्हा राजाचं आता पुरे. मुलीचं लिही, दासीपुत्राचं लिही, घोड्याचं लिही. राजाला मरू दे किंवा जगू दे, पण आपल्या कागदावर नको.

झेनाइदा


मोंतेविदेओ, १४ मार्च

लाडके झेनाइदा,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण नर्स परत आली आणि तिनं सगळं सांगितलं! दालन दणाणलं म्हणे, राजावर सगळे फिदा! मग म्हटलं थांबायचं कशाला, लोखंड, नाही, सूप गरम आहे तोवर वाढून घ्यावं. सोबत राजाचेच आणखी तीन तर्क. उद्या एक पियानोवाला तुमच्या जवळच्या सांता क्लाराला चाललाय, त्याच्या हाती देतेय.

इथं ठीक. एलिदाबाईंना उजेड सोसत नाही म्हणून पडदे कायम ओढलेले. त्यांची तिन्ही मुलं रविवारी आली होती. दारातूनच विचारतात, ''कशी आहे?'' मी म्हणते, बरी आहे. तिघांचे चेहरे पडतात. मला कधी कधी माफी मागावीशी वाटते.

(वाचायचा कागद)

चाहते म्हणतात, राजाच्या मुलांनी राजवाडा आताच वाटून घेतलाय. इस्मेरा गालिचा मोजून गेली, तोर्वेकनं झुंबरावर चिठ्ठी चिकटवली. राजा अधूनमधून डोळे उघडतो तेव्हा सगळे छताकडे बघतात.

काही चाहते म्हणतात, राजवैद्यच त्याला मरू देत नाही. राजा पडून आहे तोवर वैद्याला राजवाड्यात खोली आहे. राजा बरा झाला तरी ती जाणार, मेला तरी जाणार. म्हणून वैद्य असं औषध देतो की दोन्ही होऊ नये.

आणि सर्वांत भयंकर तर्क असा, की राजाला हे सगळं ऐकू येतं. तो फक्त दमलाय. त्याला वाटतं आपण मेलो तर या सगळ्यांना करायला काय उरणार?

तुझीच,
बेल्किस


कामाहुआनी, ८ एप्रिल

बेल्किस,

तुझ्या पियानोवाल्यानं पाकीट मला घरी दिलं नाही. कारखान्याच्या फाटकावर, सगळ्यांसमोर, ''सिंहासनवाल्या बाई कोण?'' असं ओरडून दिलं. मी खुर्चीवर चढेपर्यंत पाती वाजायला लागल्या होत्या. दोनशे माणसं पाती वाजवत असताना ''आज नको'' म्हणायला जी छाती लागते ती माझी नाही. मी वाचलं. तिन्ही तर्क. वैद्याच्या तर्काला तर लोक उभे राहिले.

सोमवारी मला बोलावणं आलं. खोलीत आपल्या संघटनेचा चिटणीस लेओविहिल्दो, आणि दोन अनोळखी माणसं. त्यांच्या शर्टांना इस्त्री होती. या महिन्यात वीज आणि इस्त्री एकत्र कुणाच्या घरी असतात ते तूच ओळख.

''हा राजा कोण?'' त्यातल्या मोठ्यानं विचारलं.

''ऑर्व्हान.''

''म्हणजे कोण?''

''म्हणजे ऑर्व्हान, कॉम्रेड. टीव्हीवरचा. सात बेटांचा.''

''सात.'' लहान्यानं लिहून घेतलं. ''आणि आजारी आहे?''

''हो.''

''कधीपासून?''

''चौथ्या पर्वापासून.''

''चौथं पर्व म्हणजे कुठलं साल?''

मी सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चुकीचं साल होतं बहुतेक.

''तुम्ही वाचता, 'चाहते म्हणतात'. कुठले चाहते? नावं?''

''इंटरनेटवरचे.''

''मग त्या पानांच्या छापील प्रती आणा. कोण म्हणालं, कुठं म्हणालं, कधी म्हणालं. तसं असेल तर आमची हरकत नाही, परदेशातल्या रिकामटेकड्यांचं बोलणं आहे असं आम्ही लिहू. पण कागद नसतील तर याचा अर्थ हे इथंच कुणीतरी रचलंय. आणि वाचिकेनं पदरचं वाचलं तर ती वाचिका राहत नाही, हा तुमचाच नियम आहे.''

हा नियम त्यांना लेओविहिल्दोनं सांगितला असणार. बाहेर येताना व्हरांड्यात त्यानं माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाला, ''हे सगळं राहू दे गं. खरं सांग, तोर्वेक बसतो ना गादीवर?'' तो बोकड आहे.

तेव्हा लगेच छापील पानं पाठव. तू जिथं वाचलंस तिथलीच, नावांसकट. खुर्ची आता तेवढ्यावर आहे. तोवर पुढच्या सोमवारी मला त्यांनी मंजूर केलेला तर्क वाचायचा आहे. तो लेओविहिल्दोनं स्वतः लिहिलाय.

झेनाइदा


कामाहुआनी, १६ एप्रिल

बेल्किस,

घाईत लिहितेय. सोमवारी वाचला. मंजूर तर्क असा: राजा ऑर्व्हान अचानक खडखडीत बरा होतो, पलंगावरून उठतो, प्रजेला भेटतो, मासेमारीच्या नव्या बंदराचं उद्‌घाटन करतो, आणि मंत्री, मुलगी, दासीपुत्र सगळे हातात हात घालून पुढच्या हंगामाचं उद्दिष्ट ओलांडायचा संकल्प करतात.

मी शब्दाला शब्द वाचला. आवाज सपाट ठेवला, कपाळाला आठी नाही, ओठाला मुरड नाही. 'खडखडीत' या शब्दापाशी पहिल्या रांगेतली एक बाई खुदकन हसली. 'बंदरा'पाशी मागच्या रांगा कोसळल्या. 'उद्दिष्टा'पाशी एउस्ताकिओला पाणी द्यावं लागलं. बावीस वर्षांत इतकी दाद मला मिळाली नाही. पाती अशा वाजत होत्या की प्रशासकाला वाटलं संप झाला.

तासाभरात मी परत त्या खोलीत.

''तुम्ही हे कसं वाचलंत?''

''लिहिलं होतं तसं.''

''शब्द तेच होते. आम्ही ताडून पाहिलं. पण आवाजात काहीतरी होतं.''

''काय होतं?''

''ते तुम्ही सांगायचं.''

आवाजात काही नव्हतं याचा कागद कुठून आणू? लेओविहिल्दो कोपऱ्यात लाल होऊन बसला होता. बिचाऱ्यानं मनापासून लिहिलं होतं गं. मला वाटतं त्याला खरंच ते बंदर हवं होतं.

खुर्ची तात्पुरती रिकामी आहे. छापील पानं आली तर मतदानाच्या यादीत माझं नाव राहील, नाही आली तर नाही. बेल्किस, लवकर.

झे.


मोंतेविदेओ, २४ एप्रिल

झेनाइदा,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. चार वेळा कागद घेतला आणि फाडला.

पानं नाहीत. कधीच नव्हती.

टीव्ही आहे, भिंतीएवढा. पण मालिकेची वर्गणी एलिदाबाईंच्या थोरल्या मुलानं दीड वर्षापूर्वीच बंद केली. मी पाचव्या पर्वापुढं काही पाहिलेलं नाही. आणि पाय वर करून बसायला दुपार कुणाची? पहाटेपासून मी त्या बाईला उचलते, पुसते, भरवते. तू पहिल्यांदा काहीतरी मागितलंस, आणि मी तिकडे सांगून ठेवलं होतं की माझं छान चाललंय. 'मला वेळ नाही, मला काही ठाऊक नाही' असं लिहायची लाज वाटली. म्हणून जे समोर होतं ते लिहिलं.

राजा म्हणजे एलिदाबाई. पडदा त्यांचाच. थोरला नोटरीला फोनवर सांगतो, ''आई म्हणतेय की...'' आणि आई दोन महिन्यांत शब्द बोललेली नाही. मधली माद्रिदहून आली आणि गालिचा मोजून गेली. धाकट्यानं झुंबराखाली खरंच चिठ्ठी लावली, मीच ती धूळ झटकताना पाहिली. पाच खोल्यांच्या घराचं राज्य. आणि राजवैद्य म्हणजे मी. त्या आहेत तोवर मला स्वयंपाकघरामागची खोली आहे. औषध मी नीट देत होते हो, शपथेवर सांगते. पण रोज सकाळी त्यांचा श्वास ऐकायला दाराशी थांबायचे तेव्हा कुणासाठी थांबायचे, ते मला कळत होतं.

तुझं पत्र आल्यावर मी शेजारणीच्या फोनवर खरे चाहते शोधले, तीन तास. म्हटलं काहीतरी जुळेल. त्यांना राजाची पडलेलीच नाही. सगळे भांडतायत ते तोर्वेकच्या लंगड्या घोड्यावरून, तो मागच्या जन्मी कोण होता म्हणून. हजारो माणसं. छापून पाठवते हवं तर, पण तू वाचलंस त्यातलं एक अक्षर त्यात नाही.

त्यांना हे पत्र दाखव. लाज वाटून घेऊ नकोस, लाज माझी आहे. सगळं खरं लिहिलंय, घरातल्या बारीकसारीक गोष्टींसकट. कुणीही वाचलं तरी समजेल की ही एका घरातली गोष्ट आहे, त्यात राज्य नाही की राजा नाही.

आणि एक. ती म्हातारी मंगळवारी सकाळी गेली. घरात अजून कुणी रडलेलं नाही. मला पंधरा मेपर्यंत खोली सोडायची आहे. पुढं काय, विचारू नकोस.

बेल्किस


कामाहुआनी, २२ मे

माझ्या बेल्किस,

हे पत्र तुला कुठं मिळेल ठाऊक नाही. शेजारणीच्या पत्त्यावर पाठवतेय.

आधी निकाल सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. मतदान परवा झालं. चिठ्ठीवर दोन पर्याय होते: रेडिओचं प्रांताचं केंद्र की राजधानीचं केंद्र. राजधानीचं केंद्र निवडून आलं. काल सकाळपासून लागलंय. वीज गेली की बंद पडतं, म्हणजे सध्या लोक बहुतेक वेळ शांतता ऐकत सिगार वळतात. मला तुझ्या जुन्या टेबलावर बसवलंय, शिरा काढायला. तू म्हणायचीस तसं खरंच बोटं काळी होतात.

रागावलेय का? पहिले दोन दिवस रागावले. मग पत्र परत वाचलं, त्या दाराशी थांबण्यापर्यंत आले, आणि राग कुठं ठेवायचा तेच कळेना. मीही तुला कधी लिहिलं नव्हतं की मला भीती वाटते. विनोद लिहीत होते. आपण दोघी सारख्याच.

आता तू म्हणशील, पत्र दाखवलंस का? दाखवलं. बारा मेला मिळालं, तेरालाच धुतलेला झगा घालून गेले. मनात म्हटलं, सुटले. इतकं साधं, इतकं खरं पत्र, गालिच्यापासून झुंबरापर्यंत. ते वाचून दगडालाही कळेल.

ते दोघे होते, आणि लेओविहिल्दो कोपऱ्यात. मोठ्यानं पहिला कागद वाचला आणि लहान्याकडे सरकवला.

''पाच खोल्या,'' मोठा म्हणाला.

''हो, कॉम्रेड. मोठं घर आहे.''

''थोरला तिच्या नावानं बोलतो.''

''हो.''

''आणि मुलगी बाहेरदेशात आहे, ती येऊन मापं घेऊन जाते.''

''गालिच्याची,'' मी म्हटलं. ''कॉम्रेड, ती एक म्हातारी बाई आहे. मोंतेविदेओतली. माझी बहीण तिला भरवायची. राजाबिजा कुणी नाही, हेच तर दाखवायला आणलंय.''

''ते आम्हाला दिसतंय,'' तो समजुतीनं म्हणाला. ''राजा नाही. आता ती बाई आहे.'' आणि वर घर, खोल्या, माद्रिद, सगळं एकाखाली एक लिहून घेतलं.

''तुम्ही नाव विचारा ना तिचं,'' मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ''एलिदा आहे नाव. तिला उजेड सोसत नाही. तिला सूप लागतं. खऱ्या माणसाला लागतं तेच सगळं तिला लागतं!''

''कॉम्रेड झेनाइदा,'' लेओविहिल्दो कोपऱ्यातून कळवळून म्हणाला, ''थोडं गप्प बस गं.''

तोवर लहाना शेवटच्या कागदापर्यंत पोचला होता. त्यानं खालच्या ओळी वाचल्या, परत वाचल्या. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यानं कागद मोठ्यापुढं ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. मोठा वाचून उठला, त्यानं व्हरांड्यात डोकावून पाहिलं, दार लावलं, कडी घातली. परत येऊन माझ्या अगदी जवळ बसला. त्याचा आवाज आता मुळीच दरडावणीचा नव्हता, बेल्किस. तो घाबरला होता.

''ती गेली,'' तो कुजबुजला. ''हे आणखी कुणाकुणाला माहीत आहे?''

तुझी,
झेनाइदा